दोन पेट्यांमधला सांधा : मुंबईच्या जीपचा तेलगळतीतून वाचलेला इतिहास

१/
जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपखालची जमीन कोरडी आहे, एवढ्यावरून तिच्यात गळती नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला जोडलेली ट्रान्सफर केस यांच्या मधल्या सांध्यातून वंगण तेल आतल्या आत एका पेटीतून दुसऱ्या पेटीत सरकू शकते. बाहेर थेंबही पडत नाही. एक पेटी काठोकाठ भरते, दुसरी रिती होत जाते आणि एके दिवशी तिची बेअरिंगे जळतात. मूळ गिअरबॉक्स काढून दुसरा बसवलेल्या जीपमध्ये हा दोष विशेष आढळतो. त्याचे कारण शोधू गेल्यास माझगाव ते कांदिवली असा भारतीय मोटारउद्योगाचा एक मोठा कालखंड उलगडतो. हा थ्रेड त्या सांध्याविषयी.

२/
आधी या दोन पेट्या समजून घेऊ. गिअरबॉक्स इंजिनाचा वेग आणि जोर यांचा मेळ घालतो. साध्या मोटारीत त्याच्यामागून निघणारा दांडा थेट मागच्या चाकांकडे जातो. जीपमध्ये मात्र मध्ये आणखी एक पेटी येते, ती ट्रान्सफर केस. ती शक्तीचे दोन वाटे करते : एक मागच्या चाकांना, एक पुढच्या. चिखल वा चढ असेल तर वेग कमी करून जोर आणखी वाढवण्याची सोयही तिच्यातच असते. दोन्ही पेट्यांत गिअर आहेत, दोन्हींना तेल लागते आणि दोन्ही एकमेकींना बोल्टांनी घट्ट जखडलेल्या आहेत.

३/
ही रचना युद्धातून आली. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना अमेरिकन बँटम कंपनीने दिला. मोठे उत्पादन मात्र विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनी केले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलिसचा कारखाना ओहायो राज्यातील टोलेडो शहरात होता. ट्रान्सफर केस बनवणारी स्पायसर कंपनीही त्याच शहरातली. तिचे ‘मॉडेल १८’ लष्करी जीपमध्ये बसले आणि पुढे नागरी जीपमध्येही कायम राहिले. गिअरबॉक्स मात्र बदलला : युद्धकाळातील टी-८४ च्या जागी नागरी जीपमध्ये अधिक भक्कम टी-९० आला. म्हणजे ‘गिअरबॉक्स बदलला, ट्रान्सफर केस तीच’ हा प्रकार जीपच्या जन्मापासूनचा आहे.

४/
हे शक्य झाले ते मॉडेल १८ च्या एका गुणामुळे. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट मागच्या भिंतीतून आरपार निघून ट्रान्सफर केसमध्ये शिरतो. त्याच्या टोकावर एक गिअर बसवलेला असतो आणि तो एका नटाने धरलेला असतो. ट्रान्सफर केसचे मागचे झाकण उघडले की हा नट समोर दिसतो. नट काढला, गिअर ओढला, बोल्ट सोडले की दोन पेट्या वेगळ्या होतात. याच उघडीपाशी शेतीची अवजारे चालवणारे जोडयंत्रही बसवता येई. मात्र पेट्या वेगळ्या करताना मुख्य शाफ्टही मागे ओढला जाऊन गिअरबॉक्सचे अंतरंग विस्कटण्याची भीती असे. म्हणून अमेरिकी सेवा-पुस्तिका शाफ्टाभोवती तार गुंडाळून, ती झाकणाच्या स्क्रूंना ताणून बांधायला सांगत.

५/
आरपार जाणारा शाफ्ट म्हणजे भिंतीला पडलेले भोक, आणि भोक म्हणजे तेलाला वाट. फिरत्या शाफ्टाभोवती तेल अडवणे ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मोठी तांत्रिक अडचण होती. नमदा आणि कातडे यांची कडी वापरली जात. जर्मनीतील फ्रॉइडेनबर्ग ही कंपनी मुळात कातडे कमावणारी. तिथे वाल्टर झिमर यांनी १९२९ च्या सुमारास शाफ्टावर चढणारे तयार सील विकसित केले. १९३० च्या दशकात कातड्याची जागा कृत्रिम रबर घेऊ लागले. आज कुर्ल्याच्या कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे ‘ऑइल सील’ याच वंशातले : रबराचा पातळ ओठ आणि त्याला शाफ्टावर दाबून धरणारी बारीक स्प्रिंग.

६/
आता मुंबईकडे वळू. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र महिंद्र, कैलाशचंद्र महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीचा व्यवसाय पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. मुंबईतील कंपनीचे नाव १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. कैलाशचंद्र युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा-मंडळाचे काम पाहत होते. तिथे जीपशी आणि विलिसच्या अभियंत्यांशी त्यांचा परिचय झाला. देशभर पक्क्या रस्त्यांची वानवा असताना ही गाडी उपयोगी पडेल, हे त्यांनी हेरले.

७/
१९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू झाली. सुटे भाग अमेरिकेहून जहाजाने गोदीत येत आणि इथे जोडले जात. जुळणीला अनेकदा ‘केवळ नट-बोल्ट आवळणे’ म्हणून हिणवले जाते. परंतु या अवस्थेत एक मोठी सोय होती : सर्व भाग एकाच कुळातले असत. गिअरबॉक्सची मागची भिंत आणि ट्रान्सफर केसची पुढची भिंत एकाच आराखड्यावरून घडलेल्या. दोन्हींची भोके एका अक्षावर येतील याची हमी टोलेडोने आधीच घेतलेली. माझगावच्या कामगाराला सांधा बांधायचा होता, घडवायचा नव्हता.

८/
धोरणाने चित्र बदलले. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, टप्प्याटप्प्याने देशातच उत्पादन करण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. १९२८ पासून शिवडीला मोटारींची जुळणी करणारी जनरल मोटर्स आणि मुंबईतच जुळणी करणारी फोर्ड, दोघींनी गाशा गुंडाळला. कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांची प्रीमियर राहिली. महिंद्रने १९५४ मध्ये विलिसशी तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य करून जीप इथेच बनवण्याचा मार्ग धरला. ही जीप म्हणजे १९५३ चे उंच बॉनेटचे सीजे-३बी. बॉनेट उंच, कारण त्याखालचे नवे ‘हरिकेन’ इंजिन जुन्याहून उंच होते.

९/
उत्पादनाचे केंद्र पुढे उपनगरात, कांदिवलीला सरकले. भाग इथे घडवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे या सांध्यावरून चांगले कळते. ओतीव लोखंडाची पेटी ओतता येते; खरी परीक्षा त्यानंतरच्या कातकामाची. मागची भिंत पूर्ण सपाट हवी. बेअरिंगचे भोक शाफ्टाच्या अक्षाशी जुळलेले हवे. शाफ्टावर सील टेकते ती जागा आरशासारखी गुळगुळीत हवी. यातले काही थोडे जरी चुकले तरी गाडी चालते, गिअर पडतात, तपासणीत दोष दिसत नाही. काही महिन्यांनी तेल सरकू लागते. भाग देशी झाला की नाही हे कागदावर मोजता येते. सांधा देशी झाला की नाही हे तेल सांगते.

१०/
त्यात सर्व भाग एका छताखाली बनत नव्हते. अर्थतज्ज्ञ दत्तात्रय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील १९५५ च्या समितीने लघुउद्योगांना बळ देण्याची दिशा दाखवली. १९६७ पासून काही वस्तूंचे उत्पादन त्यांच्यासाठी राखीव होऊ लागले. अंधेरीचे मरोळ आणि साकीनाका, घाटकोपर, भांडुप, मुलुंड अशा उपनगरांत गाळ्यागाळ्यांतून लेथ फिरू लागले. गॅस्केट एकाकडचे, सील दुसऱ्याकडचे, बुश तिसऱ्याचे. प्रत्येक जण आपला भाग आपल्या मापाने बरोबर बनवी. तिन्ही मापे एकत्र येत ती सांध्यावर, आणि त्या सांध्याची जबाबदारी कोणा एका गाळ्यावर नसे.

११/
याच काळात जपानमध्ये मित्सुबिशी तीच सीजे-३बी परवान्याने बनवत होती. १९५३ पासून १९९८ पर्यंत तिने जीप बनवली आणि वाटेत स्वतःची इंजिने, डिझेलसकट, तिच्यात बसवली. टोलेडोतील मूळ कारखान्यात सीजे-३बी १९६८ मध्ये थांबली. मॉडेल १८ देखील १९७२ पासून अमेरिकी सीजे मालिकेतून गेले. म्हणजे जन्मभूमीत संपलेली यंत्रे आशियातील दोन देशांत चालू राहिली. जिथे मूळ उत्पादकच मागे हटला, तिथे पुढच्या प्रत्येक बदलाचे माप इथल्यांनाच ठरवायचे होते.

१२/
सर्वांत मोठा बदल आणला तो तेलानेच, पण खनिज तेलाने. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि पेट्रोल पिणाऱ्या जीपची मागणी धोक्यात आली. कांदिवलीत ट्रॅक्टरचा अनुभव होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासह १९६३ मध्ये उभी राहिलेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली. ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. त्यानंतर १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या २,११२ घन सेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेण्यात आला. ‘४.९०’ हे नावच माप सांगते : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर.

१३/
इथे एका बदलामागून दुसरा येतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी फेऱ्यांच्या पट्ट्यात चालते. तीन गतींचा टी-९० त्याला अपुरा पडतो. चढावर इंजिन दमते, सपाटीवर उगाच ओरडते. म्हणून चार आणि पुढे पाच गतींचा गिअरबॉक्स हवा. नवा गिअरबॉक्स लांबीने वेगळा, त्याची मागची भिंत वेगळी, शाफ्टाची जाडी वेगळी. ट्रान्सफर केस मात्र मॉडेल १८ च्याच परंपरेतली. इंजिन फ्रेंच, पेटी अमेरिकी, जोडणी मुंबईची. टोलेडोने घेतलेली हमी आता कोणाचीच उरली नव्हती.

१४/
प्यूजोचा बीए-१० हा पाच गतींचा गिअरबॉक्स महिंद्रच्या गाड्यांत आला. गंमत अशी की १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जीपनेही चेरोकी आणि रँग्लर या गाड्यांत त्याच कुळातला बीए-१०/५ बसवला. तिथल्या चार लिटरच्या मोठ्या इंजिनांपुढे तो टिकला नाही, बदनाम झाला आणि १९८९ मध्ये जपानी आयसिनच्या पेटीने त्याची जागा घेतली. भारतात लहान डिझेल इंजिनाबरोबर तो वर्षानुवर्षे चालला. एकच यंत्र, दोन देश, दोन निकाल. पेटी चांगली की वाईट हा प्रश्न एकट्या पेटीकडे पाहून सुटत नाही. ती कशाला जोडली आहे, हे पाहावे लागते.

१५/
कारखान्याबाहेरही हेच चालले होते, अधिक धाडसाने. लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या जीप लोक घेत आणि त्यांत हाती येईल ते डिझेल इंजिन व गिअरबॉक्स बसवून घेत. दोन अनोळखी भिंती जोडण्यासाठी लेथवर एक जाड पोलादी प्लेट कातली जाई. मिस्त्रीकडे आराखडा नसे. जुना भाग, कॅलिपर आणि नजर एवढ्यावर काम होई. यातील कित्येक जोडण्या उत्तम टिकल्या. ज्या टिकल्या नाहीत त्यांचे अपयश बहुधा याच एका जागी प्रकटले.

१६/
तेथे नेमके काय बिघडते? पहिले कारण, केंद्र. बोल्टांच्या भोकांना ढिलाई असते, त्यामुळे बोल्ट पेट्या आवळतात पण अक्ष जुळवत नाहीत. ते काम प्लेटवरच्या गोल खांद्याचे किंवा डॉवेल पिनचे. खांदाच नसेल तर शाफ्ट सीलमध्ये केसभर एका बाजूला फिरतो आणि रबराचा ओठ झिजतो. दुसरे कारण, धातू. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोघांच्या मधले गॅस्केट रोज थोडे घासले जाते. तिसरे, आरपार भोके. काही बोल्ट थेट तेलात उतरतात आणि आट्यांमधून तेल वर चढते.

१७/
चौथे कारण सर्वांत फसवे. साधे सील एकाच बाजूचे तेल अडवते. ओठ ज्या बाजूला तोंड करून असेल त्या बाजूचे. दुसऱ्या बाजूने दाब आला की ओठ उचलला जातो. इथे तर दोन्ही बाजूंना तेल आहे. म्हणून वेगळी तेले ठेवायची असतील तर पाठीला पाठ लावलेली दोन सील हवीत. आणि दाब येतो कुठून? चालताना पेटी तापते, आतली हवा फुगते. ती बाहेर पडण्यासाठी ‘ब्रीदर’ नावाचे छोटे श्वासछिद्र असते. ते चिखलाने बुजले की हवा सर्वांत कमकुवत वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे सील. नवे सील टाकूनही आठवड्यात गळती परतली, तर आधी ब्रीदर पाहावा.

१८/
परंतु दुरुस्तीआधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो इतिहासाचा आहे : ही गळती आहे की रचना? जीपच्या नंतरच्या काही सेवा-पुस्तिकांत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामध्ये तेलाला वाट ठेवलेली असल्याचे नमूद आहे. दोन्हींची पातळी एकत्र तपासावी, काढताना मात्र दोन्ही बुचे उघडावीत, अशी सूचना आहे. म्हणजे एका पिढीत जे तेल अडवायचे, तेच दुसऱ्या पिढीत वाहू द्यायचे. पेटी कोणत्या पिढीची हे न ओळखता ‘दोष’ दुरुस्त केला तर निरोगी यंत्र बिघडते. गिअरबॉक्स बदललेल्या जीपमध्ये तर एक पेटी एका पिढीची आणि दुसरी भलत्याच पिढीची असू शकते. दोघींना वेगळ्या प्रकारचे तेल लागत असेल, तर वाट बंद करणे भागच असते. पिवळ्या धातूची कडी असलेल्या गिअरबॉक्सला काही प्रखर गिअर तेले सोसत नाहीत.

१९/
म्हणून जाणता मिस्त्री पान्याआधी पुरावा गोळा करतो. दोन्ही पेट्यांची भरण्याची बुचे उघडतो. एकीतून तेल भडभडा बाहेर आले आणि दुसरीत बोट बुडत नसेल, तर तेल आत सरकते आहे. दोन्ही बरोबर पातळीवर भरून, काही दिवस गाडी चालवून पुन्हा मोजतो. मग पेट्या वेगळ्या करून सरळ पट्टी आणि फीलर गेजने भिंतींची सपाटी, डायल गेजने शाफ्टाचा केंद्रमेळ तपासतो. शाफ्टावर जुन्या सीलने चर पाडला असेल तर त्यावर पातळ स्लीव्ह चढवतो किंवा नवे सील किंचित पुढेमागे बसवतो. आरपार बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावतो. तेलांच्या वाटा वेगळ्या केल्या असतील, तर प्रत्येक पेटीला स्वतंत्र ब्रीदर देतो. सांध्यावर बाहेरून सीलंटचा लेप थापणे हा उपाय नव्हे. त्याने आतली वाट तशीच राहते आणि बाहेरची खूण तेवढी पुसली जाते.

२०/
मुंबईत या सांध्याची दुसरी परीक्षा पावसाळ्यात होते. तापलेली पेटी साचलेल्या पाण्यात शिरली की एकदम थंड होते, आतली हवा आक्रसते आणि पेटी बाहेरून श्वास ओढते. सील थकलेले असेल तर त्या श्वासाबरोबर पाणी आत येते. तेलात पाणी घुसळले की ते दुधासारखे पांढुरके होते आणि वंगणाचा गुण गमावते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पुरातून निघालेल्या गाडीत इंजिनाबरोबर या पेट्यांचे तेलही तपासावे लागते. सांधा तेल आत ठेवण्यासाठी असतो, तितकाच पाणी बाहेर ठेवण्यासाठीही.

२१/
उद्योगाचा इतिहास बहुधा कारखाने, करार आणि टक्केवारी यांतून लिहिला जातो : कोणत्या वर्षी कोणता भाग देशी झाला, कोणाशी सहकार्य झाले. या नोंदी आवश्यक आहेत. परंतु त्यांत भाग दिसतात, त्यांच्यामधल्या जागा दिसत नाहीत. जीपचा प्रत्येक भाग कधी ना कधी बदलला. त्या प्रत्येक बदलाने एक नवा सांधा निर्माण केला आणि तो सांधा बंद करण्याचे ज्ञान कांदिवलीच्या कारखान्यात तसेच साकीनाका-कुर्ल्याच्या गाळ्यांत, हातांमध्ये साठत गेले. ते करारनाम्यांत नोंदले गेले नाही. ते जाणणारे हात आता वृद्ध झाले आहेत आणि जुन्या जीप भंगारात जात आहेत.

२२/
म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांनी कधी जुन्या जीपखालीही वाकून पाहावे. पेटीवर ओतलेले क्रमांक, प्लेटवरच्या लेथच्या रेघा, दोन वेगळ्या जातींचे बोल्ट, गॅस्केटचे एकावर एक थर या सगळ्या नोंदीच आहेत. कोणत्या दशकात काय काढले, काय बसवले आणि कोणती अडचण कशी निभावली, हे त्यांतून वाचता येते. ज्या मिस्त्रींनी हे सांधे जुळवले त्यांच्याकडून ते ऐकून, लिहून ठेवण्यासाठी अजून थोडी वर्षे हाताशी आहेत. (समाप्त)